दोन छेद सोळा

बाजारातले सगळे वजनकाटे दुरुस्तीला बारकीच्या बाबांकडे यायचे. गुंजभर फरक त्यांना खपायचा नाही. माप मारणाऱ्या दुकानदाराला ते चारचौघांत फैलावर घ्यायचे. आणि घरात? शी! सांगतानाही तोंड कडू होतं.

वहिनीला सातवा महिना. नर्सबाईंनी बजावलं होतं, "वजन वाढत नाहीये हिचं. रोज पोटभर दूध द्या." तेव्हापासून किटलीभर दूध येऊ लागलं, चांगलं आठ पेले, वहिनीच्या नावानं. पण घरची रीत अशी, की पुरुषांचं झाल्याशिवाय बाईनं घोट घ्यायचा नाही. बाबा नि दोघे दादा दोन-दोन पेले रिचवून, ढेकर देऊन मोकळे. उरल्यातलं निम्मं आई विरजायची; ते दही तिचं नि बारकीचं.

सहावीतली बारकी ओट्याशी बसून अपूर्णांकांचे गुणाकार करत होती. पुस्तकातली गणितं संपली, तसं तिनं किटलीचंच मांडलं. उरलं दोन छेद आठ. गुणिले एक छेद दोन. दोन छेद सोळा. संक्षिप्त रूप, एक छेद आठ.

"बाबा, वहिनीला आठातला एकच पेला मिळतो हो."

बाबांनी मिशी पुसत वहीत डोकावलं. "एक कशाला लिहितेस? दोन छेद सोळाच ठेव. दोन तरी दिसतात!"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्यानं थोरला दादा, वहिनीचा नवरा! वहिनी मान खाली घालून त्यांचे पेले विसळत होती. बाबांच्या मिशीला राहिलेली साय पाहून बारकीला शिसारी आली.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. दवाखान्याच्या काट्यावर भरलं दीड किलो.

"काटा बिघडलाय तुमचा," बाबा म्हणाले. दुकानातून वजनं आणून त्यांनी तो तीनदा तपासला. काटा चोख होता. बाळ पुन्हा ठेवलं. दीड किलो.

"दूध देत होतात ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"रोज किटलीभर आणत होतो!"

"आणत होतो," बारकी म्हणाली, "आणि आपणच पीत होतो. माझं दहीसुद्धा त्यातलंच."

वहिनी घरी आली, बाळ दवाखान्यातच काचेच्या पेटीत होतं. सकाळी बाबांनी सवयीनं पेला पुढे केला. बारकीनं किटली उचलून वहिनीच्या उशाशी नेली.

"अगं ए! घराला काही रीत आहे की नाही?" आई कडाडली.

"आधी वहिनी. उरलं तर तुम्हाला संक्षिप्त रूप करून देते."

या वेळी कुणी हसलं नाही. वहिनीचं पोट भरेपर्यंत बारकी दारातून हलली नाही.