थर्मासमधलं पाणी

परदेशातल्या मॉसन लेक्स उपनगरातल्या त्या घरात लॉकडाऊन लागल्यापासून थर्मास कधी रिकामा राहिला नाही. गरम पाण्याने विषाणू घशातून खाली धुऊन जातो, असा मेसेज दीनानाथांना पुण्याहून आला होता. ते सारखे घोट घेत. जेवण अळणी, बीपीसाठी बायकोने, शुभदाने, मीठ तोडलं होतं. ती गेल्यावर ते लेकीकडे आले, विमानं बंद होऊन अडकले, पण शुभदाचा नेम मोडला नाही.

लेक चिन्मयी युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायची. त्या सकाळी झूमवर द्रावणं होती: पाणी पेशीच्या पडद्यातून जिकडे क्षार जास्त तिकडे ओढलं जातं. क्लास संपवून ती बाहेर आली, तर बाबा पायजम्यावर कोट चढवून उभे.

"बँक उघडली का गं?"

"कुठली बँक, बाबा? तुम्ही रिटायर झालात ना?"

"थट्टा पुरे. साहेब ओरडतील."

बाबांची जीभ जड झाली होती. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कोविड? पक्षाघात? अंग गार होतं, चेहरा सरळ होता. त्यांनी थर्मास तोंडाला लावला आणि तिच्या लक्षात आलं. रक्तातलं मीठ विरळ झालं होतं. पाणी मेंदूच्या पेशींत शिरत होतं, त्या फुगत होत्या, आणि कवटीत जागा नव्हती.

थर्मास हिसकावून तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

"घोटभर पाणी देत नाहीस? बापाला?"

तिने मिठाची बरणी उघडली, चमचा भरला, आणि तिचा हात थांबला. मीठ एकदम वाढलं, तर तेच पाणी उलटं धावेल, पेशी आक्रसतील. चमचा ठेवून ती नळाला पाठ लावून उभी राहिली. बाबा तिला ढकलत राहिले.

मास्क-गाऊनमधली माणसं आली. तिला बरोबर जाता येणार नव्हतं. "पाणी फार प्यायलेत, मीठ अजिबात नाही," एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत राहिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "सोडियम हळूहळूच वाढवतोय. घाई केली तर मेंदूला इजा होईल."

आधीच झाली असेल तर, हे तिला विचारवलं नाही.

दोन दिवसांनी नर्सने बाबांच्या कानाला फोन लावला. ते ओळखतील का, या भीतीने चिन्मयी गप्पच राहिली.

"चिन्मयी," बाबा चिडून म्हणाले, "ही माणसं मोजून पाणी देतात. तू सांग त्यांना."

ती भिंतीला टेकली.

"नाही सांगणार, बाबा."