फॉर्मवरचं 'काही नाही'

माझे थोरले दीर मेंदूचे बडे डॉक्टर. त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये मी रोग्यांच्या अंगातून काढलेले तुकडे तपासते. भाऊजींचा माज उतरलेला बघायचा, एवढी एकच इच्छा मी चार वर्षं उराशी धरली होती.

माझ्या नवऱ्याच्या मेंदूत डाग दिसला तेव्हा भाऊजींना दम निघेना. तुकडा काढायच्या आधीच त्यांनी धाकट्या भावाला स्टेरॉइड टोचलं. आठवड्यात गडी उठून जेवायला लागला. साधी सूज होती, हिला भिंगात बघून बघून ऊठसूट कॅन्सर दिसतो, असं ते घरभर सांगत सुटले. पुढे काढलेल्या तुकड्यात काहीच सापडलं नाही. सापडणार कुठून? लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात, थोडे दिवस तोंड लपवतात आणि मग दुप्पट जोराने परततात. चार महिन्यांत माझा माणूस गेला. वर चोराच्या उलट्या बोंबा, हिच्या लॅबनेच घोळ घातला म्हणे. तुकड्यासोबत लॅबला आलेल्या फॉर्मवर 'तुकड्याआधी दिलेली औषधं' या रकान्यात भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: काही नाही. तो फॉर्म मी जपून ठेवला.

यंदा जाऊबाईंच्या मेंदूत तसाच डाग निघाला. भाऊजी पुन्हा सुई भरायला निघाले. मी वॉर्डात आडवी उभी राहिले. त्या शुद्धीवर आहेत, दोन दिवस थांबता येतं, आधी तुकडा, म्हटलं. त्यांनी आदळआपट केली, पण जाऊबाईंनी माझं ऐकलं.

तुकडा मीच पाहिला. भिंगाला डोळा लावताना लिम्फोमाच निघावा असं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. पेशी ओळखायचे सगळे रंग देऊन पाहिले. नव्हता. नुसती सूज होती, स्टेरॉइडने बरी होणारी.

भाऊजी धापा टाकत लॅबमध्ये आले. "काय निघालं?"

मी जुना फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं. "आधी हा रकाना खरा भरा."

"अगं, ती तिकडे पडलीय."

"माझाही पडला होता."

त्यांनी पेन उचललं. मग त्यांनी 'काही नाही' खोडलं, स्टेरॉइडचं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"सूजच आहे," मी फॉर्मची घडी घालत म्हटलं. "वॉर्डात तासाभरापूर्वीच कळवलंय. जाऊबाईंचं इंजेक्शन केव्हाच सुरू झालं."