पुलावरची माघार

आयसेलिनजवळच्या त्या गावात दर जूनमध्ये ओढ्यावरची जुनी लढाई पुन्हा खेळत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांना पुलावर तासभर अडवून धरलं होतं. २००४ साली शेजारचे वॉल्टर चारुदत्तला म्हणाले, "आमच्याकडे माणसं कमी आहेत. येतोस?" वॉल्टर सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन. त्यांनी आपला जादाचा कोट दिला, बंदूक धरायला शिकवलं. नऊ वर्षांच्या शिवांगीनं शाळेत सगळ्यांना सांगितलं, बाबा लढणार.

बंदुकांत नुसती दारू होती, गोळी नव्हती. चारुदत्तला ते माहीत होतं. तरी पलीकडून तोफ उडाली, धूर अंगावर आला, आणि त्याचे पाय आपोआप फिरले. बंदूक टाकून तो पळत सुटला. पळताना त्याचा धक्का लागून वॉल्टर दगडांवर पडले.

"चारू!" त्यांनी हाक मारली. त्याला ती स्पष्ट ऐकू आली, पण तो थांबला नाही.

प्रेक्षक हसले, मग टाळ्या पडल्या. माइकवरचा माणूस म्हणाला, "खरी लढाई अशीच असते!" लोक येऊन त्याचा हात हातात घेऊ लागले.

शिवांगी धावत आली. "बाबा, यू वेअर सो गुड! इट लुक्ड रिअल."

"मी अ‍ॅक्टिंग करत नव्हतो," तो म्हणाला. "मी घाबरलो. वॉल्टरना माझा धक्का लागला. त्यांनी हाक मारली, तरी मी पळालो."

तिचा चेहरा उतरला. "डिड यू से सॉरी?"

"अजून नाही."

वॉल्टर झाडाखाली बसले होते, सुजलेल्या घोट्यावर बर्फ धरून. चारुदत्त त्यांच्यासमोर उभा राहिला. "तुमची हाक मला ऐकू आली होती," तो इंग्रजीत म्हणाला. "आय अ‍ॅम सॉरी."

"ऐकू आली असणारच," वॉल्टर म्हणाले. "मी जोरात मारली होती."

मग ते पुन्हा घोट्याकडे पाहू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं चारुदत्तला वाटलं. शिवांगी त्याच्या बाजूनं पुढे गेली आणि वॉल्टरच्या शेजारी गवतात बसली. बर्फाची पिशवी तिनं स्वतःच्या हातात घेतली.

चारुदत्तनं गाडी जवळ आणली. वॉल्टरना उठवायला त्यानं खांदा पुढे केला. त्यांनी क्षणभर त्या खांद्याकडे पाहिलं, मग शिवांगीचा हात धरून लंगडत गाडीपर्यंत गेले.