तेरावी पुनव

"बारा पुनवा रंगवता रंगवता माह्या सासवा सरल्या, पन तेरावीच्या वाटेले कोनी गेली नाही. इले मात्र तेरावी पाहिजे."

माणिकबाई हे पुरणाच्या डाळीला सांगत होती. डाळ निमूट रटरटत होती. पण शकुन हातभर अंतरावर भिंतीशी उभी होती, आणि तिचे कान शाबूत होते.

"आई, मले बोलून राहिली का डाळीले?"

"डाळीले. डाळ उलटून बोलत नाही."

अमरावतीबाहेरच्या त्या भाजीच्या मळ्यात स्वयंपाकघराच्या ओसरीची भिंत बायकांच्या ताब्यात होती. दर पुनवेला घरातल्या बाईनं जेवणाचं ताट भिंतीला लावून कोळशानं गोल रेघ ओढायची, आत चुन्याचा चंद्र भरायचा आणि त्या चंद्रात त्या पुनवेची खूण काढायची. जेठाच्या चंद्रात वडाचं पान. श्रावणाच्यात राखीचा गोंडा. भादव्यात भुलाबाई, म्हणजे पार्वती, कारण त्या दिवशी ती माहेरी येते. आश्विनात दुधाची वाटी, कारण त्या दिवशी ती दूध पिऊन सासरी परत जाते. पौषाच्या चंद्रात मेथीची जुडी असे. ती शाकंभरीची पुनव, म्हणजे भाजीवाल्यांच्या घरचीच. शकुनच्या हातची मेथी अशी उतरे की शेजारची बकरी भिंत चाटायला यायची.

अधिक महिन्याची पुनव मात्र कोणी काढत नसे. सगळ्या महिन्यांना देव वाटून झाल्यावर हा महिना मागून आला, याला कोणी दारात उभं करेना, शेवटी विष्णूनं याला आपलं नाव दिलं, ही गोष्ट माणिकबाईच डोळ्यांत पाणी आणून सांगायची. गोष्ट सांगायची, पण चंद्र काढायचा नाही. भिंतीवर जागा बाराच चंद्रांची, आणि तेरावा आकडा कोणाच्याही घरात बरा दिसत नाही.

एकसष्ट साली जेठ दोनदा आला. पहिला अधिकाचा. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे असतात, म्हणून शकुनच्या भावानं, भगवंतानं, अकोल्याला तिच्या नवऱ्याला, शेषरावला, निरोप धाडला होता. पुरण भरलेले गोड धोंडे जावयाच्या पानात वाढायचे, आणि तीनच्या मोटारीनं शकुनला त्याच्यासोबत लावून द्यायचं, असा त्याचा बेत. तिची ट्रंक सकाळपासून दाराशी येऊन बसली होती.

शकुन माहेरी आली त्याला दोन वर्षं होत आली होती. घरात याला हवापालट म्हणत. अकोल्याच्या बाजारात माल घेऊन गेलेला जो तो पाहून आला होता की शेषरावच्या बिऱ्हाडात वेगळीच बाई पाणी भरते, तिच्या कडेला पोर असतं. पण ते घरात कोणी उच्चारत नसे. "जरा जमत नाही दोघाइचं," म्हणत आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडायला घेत.

धोंडे वळू लागायला शेजारची पार्बताबाई आली होती. तिनं ट्रंक पाहिली, भिंत पाहिली आणि म्हणाली, "शकुन, भुलाबाई देवाची बायको, तरी थे बी महिनाभरच माहेरी राहाते."

"तिच्या घरी महादेव एकटाच असन, काकू."

"त्याच्या डोक्शावर गंगा आहेच ना."

"डोक्शावर आहे. चुलीपाशी नाही."

ओसरीवरचे सगळे एकदम कामाला लागले. भगवंत तर उगाच बैल पाहून आला.

शकुननं ताट घेतलंच नाही. तिनं कणकेची परात रिकामी केली, पुसली, भिंतीला टेकवली आणि रेघ ओढली. बाकीचे चंद्र त्या परातीपुढं पोरंसोरं दिसू लागले.

"देवानं त्याले पदरात घेतलं म्हनतं ना तू?" ती आईला म्हणाली. "मंग आपल्या भिंतीनं काहून घेऊ नये?"

"अन् खूण काय काढशीन त्यात?"

"काही नाही. कोरा राहू दे."

माणिकबाईनं डाळ उतरवली. पुरण वाटताना ती एकदा भिंतीकडे पाही, एकदा ट्रंकेकडे. पाट्यावरचा हात मात्र थांबला नाही.

शेषराव आला तो टोपी सारखी करत, गोड हसत. माणूस वाईट बोलणारा नव्हता. तीच त्याची सोय होती. त्याला भिंतीसमोर पाट मांडला. त्यानं पहिला धोंडा फोडला, पुरण चाखलं, तारीफ केली. मग वर पाहिलं.

"हे कोनती पुनव? खूण नाही काही."

"कोनाच्या वाट्याले न आलेली," शकुन म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याचे होते.

"मंग एवढी मोठी काहून काढली?"

"आज उगवनार आहे ना. म्हनून."

शेषराव हसला. भगवंत हसला नाही. "शकुन, हात धू. मोटार चुकन."

"चुना वाळाचा आहे, दादा."

"भिंत वाळन आपली आपन."

"वाळू दे. मी आहे पाहाले. आज बी, उद्या बी."

"पावन्यासमोर वाद नको," भगवंत खालच्या आवाजात म्हणाला. "सारं ठीक होते हळूहळू. जरा जमत नाही, एवढंच आहे. हो ना, आई?"

माणिकबाई जावयाच्या धोंड्यावर तूप वाढत होती. दोन वर्षं तिनं या प्रश्नाला मान हलवली होती. धार मध्येच तुटली. तिनं तुपाची वाटी खाली ठेवली, पदरानं हात पुसले, भिंतीवरच्या त्या ओल्या, कोऱ्या, परातीएवढ्या चंद्राकडे पाहिलं आणि मग जावयाकडे.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमी घरात दुसरी बायको आनली आहे. माही पोरगी येत नाही."