कानावरची बट

घरात आरसा एकच असला की सकाळी त्याच्यासमोर रांग लागते, हे कुठल्याही नांदत्या घराला सांगायला नको. पण वहिनींच्या घरी गेले काही आठवडे त्या रांगेतलं पहिलं माणूस हलतच नव्हतं. ते माणूस म्हणजे ताई, वहिनींच्या थोरल्या नणंदबाई. आधी उजवा गाल निरखायचा, मग डावा, मग हनुवटी वर करून मान. बाहेर ताईंचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, दाढीचा फेस गालावर वाळवत उभे.

"ताई, अगं तो आरसा आहे, परीक्षेचा निकाल नाही. किती वेळा बघशील?"

"तुला काय कळतंय? पुरुषाला पिकलेले केस शोभतात म्हणे. बाईच्या मात्र सुरकुत्या मोजतात लोक!"

हे शेवटचं वाक्य ताई थट्टेत बोलल्या नव्हत्या, आणि ते फक्त वहिनींना कळलं. ताई एका मोठ्या कचेरीत दारासमोरच्या स्वागताच्या खुर्चीवर बसत. आवाजावरून माणूस ओळखावा ताईंनी, चिडलेल्याला पाणी देऊन शांत करावं ताईंनी. पण नव्याने आलेले साहेब एकदा लिफ्टमध्ये हसत हसत म्हणाले होते, "समोरच्या खुर्चीत आता एखादा ताजा चेहरा हवा, नाही का?" लिफ्टमधले सगळे हसले. ताईही हसल्या, आणि घरी येऊन जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या उपाहारगृहात एक बाई कोलॅजनच्या, म्हणजे चेहरा तरुण ठेवते म्हणून विकतात त्या पावडरीचे डबे घेऊन आल्या. बोलणं गोड, साडी कडक इस्त्रीची. त्यांचं नाव कुणी विचारलंच नाही, सगळ्याजणी त्यांना पावडरबाई म्हणू लागल्या. ताईंनी पहिल्याच दिवशी डबा घेतला.

वहिनी काम करत एका फोटो स्टुडिओत. फोटो काढायचे मास्तर, आणि संगणकावर चेहरे साफ करायच्या वहिनी. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, कुणाच्या हनुवटीवरचा फोड. हात इतका सफाईदार की गिऱ्हाईक फोटो बघून स्वतःच्याच प्रेमात पडे. मास्तरांनी त्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली होती. "चेहरा फार गुळगुळीत केला की लोकांना संशय येतो. एक खोट मुद्दाम ठेवायची. कॉलरला एखादी चुणी, नाहीतर एखादी सुटी बट. म्हणजे फोटो खरा वाटतो." वहिनी नेहमी कानावरची बट ठेवत. चेहऱ्यावरचं सगळं पुसायच्या, पण ती बट तशीच.

एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आत्या चहाला आल्या. आत्या म्हणजे या भावंडांच्या वडिलांची बहीण. इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून उभा जन्म गेलेला, आता निवृत्त. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि जिभेला धार. आल्या आल्या त्यांची नजर ताईंच्या गळ्यावर गेली.

"एवढ्या उकाड्यात स्कार्फ? मान मोडलीय का?"

"फॅशन आहे, आत्या."

"तुझी फॅशन मी तू फ्रॉकमध्ये असल्यापासून बघतेय. काढ तो."

ताईंनी नाइलाजाने स्कार्फ काढला. मानेवर लालभडक चट्टे उठले होते. जवळून पाहिलं तर वरचा ओठही एका बाजूने सुजलेला. वहिनी बशी ठेवून जवळ आल्या.

"घाबरू नका गं," ताई म्हणाल्या. "पावडरबाईंना विचारलंय मी. आतली घाण बाहेर पडतेय म्हणाल्या. औषध लागू पडल्याची खूण आहे ती! उद्यापासून एकाऐवजी दोन चमचे घ्यायला सांगितलंय."

"डबा आण," आत्या एवढंच म्हणाल्या.

डबा आला. समोर सोनेरी अक्षरं, मागे लहान अक्षरं आणि तळाला मुंगीएवढी. आत्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तळापासून वाचायला सुरुवात केली. "सागरी स्रोतातून मिळवलेलं. हं! सागरी म्हणजे काय गं? वाळू? शिंपले? सरळ मासळी म्हणायला यांची जीभ का अडते? माशाच्या कातडीतून, खवल्यांतून काढतात हे. आणि तुला लहानपणापासून मासा चालतो का?"

ताईंची नजर डब्याच्या तळाकडे गेली. लहानपणी माशाचा एक घास खाल्ला तर त्यांचे डोळे सुजून बंद झाले होते, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

"पण ही तर पावडर आहे, आत्या. वाससुद्धा येत नाही."

"वास काढला म्हणून मासा जात नाही! आज ओठ सुजलाय, उद्या दोन चमच्यांनी घसा सुजला तर श्वास कोंडेल. घाण बाहेर पडतेय म्हणे. अगं, तुझं शरीर ओरडून सांगतंय, मला हे नको."

"म्हणजे कोलॅजन वाईटच?"

"मी कुठे म्हटलं वाईट? वाईट आहे ते डोळे मिटून घेणं. कोलॅजन आपल्या कातडीत असतंच, वय वाढतं तसं कमी होतं. पण ते चमच्याने खाल्लं म्हणून सरळ गालावर जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, आणि शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे वापरतं. काही अभ्यासांत थोडाफार फायदा दिसलाय, नाही असं नाही. पण त्यातले बरेच विकणाऱ्यांनीच पैसे देऊन करवलेले. आणि तुम्हाला सगळ्यांना हवं असतं काय? पी हळद अन् हो गोरी!"

ताईंचे डोळे भरून आले. पण त्यांनी डबा उचलला आणि छातीशी धरला.

"आत्या, तुमचं पुस्तकातलं ज्ञान तुमच्यापाशी. माझी खुर्ची जायची वेळ आलीय. आणि पुरावा डोळ्यांसमोर आहे की! हा बघा फोटो. याच बाईचा आधीचा चेहरा आणि तीन महिन्यांनंतरचा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

डब्याच्या बाजूला दोन चेहरे छापले होते. डावीकडे थकलेली, सुरकुतलेली बाई, उजवीकडे तीच बाई, पण टवटवीत. वहिनी बघायला पुढे झाल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

डाव्या चेहऱ्याच्या कानावर एक बट सुटली होती, कर्णफुलावरून वळून टोक वर गेलेली. उजव्या चेहऱ्यावरही तीच बट, तशीच वळलेली, टोकही तसंच वर. ती बट वहिनींनीच ठेवली होती!

सगळं आठवलं. मास्तरांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून फोटो एकच आला होता, चांगल्या हसऱ्या, साध्या बाईचा. सोबत निरोप होता, याचे दोन करा, एक थकलेला, एक ताजा. कशासाठी, हे वहिनींनी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी डावीकडच्या चेहऱ्यावर सुरकुत्या खोल केल्या, उजवीकडच्या पुसून टाकल्या, आणि सवयीने दोन्हीकडे बट राहू दिली. त्या बाईचा खरा चेहरा या दोहोंपैकी एकही नव्हता. आणि त्या खोट्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवून आपल्याच घरातलं माणूस उद्या दोन चमचे विष घेणार होतं.

बोलावं तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांचं ते सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजेच ही पावडरवाली कंपनी. आणि ताई? ताईंनीच आग्रह करून वहिनींना हे काम शिकायला पाठवलं होतं. सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, आमची वहिनी चेहऱ्यांची जादूगार आहे. पण ताईंच्या मानेवरचे चट्टे समोर दिसत होते.

"ताई, तो फोटो मी केलाय."

"काय?"

"दोन्ही चेहरे मीच केलेत. एकाच फोटोवरून, एकाच दुपारी. ती बट बघा. तीन महिन्यांत बाईचा चेहरा बदलला, पण कानावरचा एक केस हलला नाही?"

ताईंनी डबा डोळ्यांजवळ नेला. दोन्ही बटांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग डबा टेबलावर ठेवून त्या इतक्या हळू बोलल्या की वहिनींना रडू फुटलं.

"म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी मी आरशासमोर जीव काढतेय, तो कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही, ताई. माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"रडारड पुरे," आत्या उठल्या. "सूनबाई, चपला घाल. आधी डॉक्टरकडे. आणि तो डबा बरोबर घे."

डॉक्टरीणबाईंनी डबा वाचला, मान तपासली आणि पावडर तिथल्या तिथे बंद करायला लावली. मासळीचीच बाधा आहे, वेळेवर आलात, असं त्या म्हणाल्या. परतताना ताई रस्त्यात एकदम थांबल्या.

"वहिनी, माझे डोळे तू उघडलेस. पण कचेरीत आमच्या निम्म्याजणी हे घेतायत. पावडरबाई परवा पुन्हा येणार आहेत. त्यांना कोण सांगणार?"

वहिनींना मास्तरांचं गिऱ्हाईक आठवलं. पण मान होकाराची हलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. "गिऱ्हाईक जाईल आपलं," ते म्हणाले.

"जाऊ दे, मास्तर. माझ्या नणंदेचा श्वास गेला असता."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "फोटो खरा वाटावा म्हणून खोट ठेवायला मीच शिकवलं तुला. त्या खोटीनेच खोटेपणा पकडला म्हणायचा! जा, सांग. मी आहे तुझ्या पाठीशी."

पावडरबाई यायच्या दिवशी उपाहारगृहात बसायला जागा नव्हती. पावडरबाईंनी टेबल मांडलं होतं, मागे ते दोन चेहरे पुरुषभर उंचीच्या कापडावर छापून लावले होते. बोलणं रंगात आलं होतं. मागच्या बाजूला साहेबसुद्धा उभे होते, आणि बघणाऱ्यांनी बघितलं, त्यांच्याही हातात एक डबा होता.

ताई उभ्या राहिल्या. आज गळ्यात स्कार्फ नव्हता. चट्टे फिके झाले होते, पण दिसत होते.

"मैत्रिणींनो, हे बघा मला या पावडरीने काय दिलं. मला मासा चालत नाही, आणि ही माशाचीच आहे, हे डब्याच्या तळाला लिहिलंय. मी सोनेरी अक्षरं वाचली, तळ वाचला नाही. आणि वाचला असता तरी मानलं नसतं, कारण माझा विश्वास या फोटोवर होता. आता हा फोटो जिने केला ती तुम्हाला सांगेल. ही माझी वहिनी आहे."

वहिनी घाबरतच पुढे झाल्या. पण कापडापाशी गेल्यावर त्यांना ती बट दिसली, आता वीतभर लांब छापलेली, आणि त्यांची भीती पळाली.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "इथे या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कानावरची बट बघा. इकडची आणि तिकडची."

दोघी-तिघी पुढे आल्या. मग सगळं उपाहारगृह उठलं. "अगं बाई, हुबेहूब तीच!" "कर्णफूलही तेवढंच वाकडं!" "तीन महिने बाईने केसच विंचरले नाहीत वाटतं!" आणि असा काही हशा उसळला की स्वयंपाकघरातले आचारीही डोकावून बघू लागले.

पावडरबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी वळून कापडाकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. "मला कंपनीने दिला तो फोटो मी लावला हो," त्या पुटपुटल्या. "मीसुद्धा रोज घेते. मलाही खराच वाटला." ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. चिडलेल्या आणि खचलेल्या माणसाला पाणी देणं हे ताईंचं रोजचंच काम होतं.

तेवढ्यात साहेब काहीतरी बोलायला पुढे सरकले. डबा त्यांनी पाठीमागे लपवला होता. ताईंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"साहेब, समोर ताजेपणा हवा असेल तर टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं रोज बदलत जा. खुर्चीत मी आहे, आणि माझ्या चेहऱ्यावर या कचेरीत घालवलेली वर्षं आहेत. ती पुसायची नाहीत मला!"

टाळ्यांनी छत दणाणलं. साहेब आधी लाल झाले, मग खाली बघून म्हणाले, "ताई, मी ते बोललो ते चुकलंच. खुर्ची तुमचीच." आणि त्यांनी पाठीमागचा डबा गुपचूप टेबलावर परत ठेवला, तेव्हा पुन्हा हशा झाला.

त्या आठवड्यात ताईंबरोबर आत्यांच्या घरी चहाला कोण आलं असेल? पावडरबाई! समोर डब्यांचा ढीग आणि आत्यांचा वर्ग सुरू. कोलॅजन कशापासून काढलंय, एका मात्रेत किती आहे, विकणारा सोडून दुसऱ्या कुणी तपासलंय का, आपल्याला चालू असलेल्या औषधांबरोबर ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याचं झाकणही उघडायचं नाही. "आणि उन्हात डोकं झाक, पोटभर सकस जेव, वेळेवर झोप," आत्या म्हणाल्या, "मग उरलीच गरज तर डब्याकडे बघ." पावडरबाईंनी ती नोकरी सोडली. स्टुडिओतून ती कंपनी गेली, पण कचेरीतल्या बायका आपापल्या घरचे फोटो घेऊन आल्या, आणि मास्तरांनी दारावर पाटी लावली, 'चेहरा उजळून देऊ. खोटा पुरावा करून देणार नाही.'

ताई कचेरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला आल्या तेव्हा वहिनींचा हात सवयीने डोळ्यांजवळच्या रेषांकडे गेला.

"थांब," ताई म्हणाल्या. "त्या माझ्या हसण्याच्या आहेत. एकही काढायची नाही." मग जरा पुढे वाकून त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्या खुदकन हसल्या. त्यांच्याही कानावर एक बट सुटली होती, आणि ती कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती.

वाचकहो, दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. पोटात जाणारी वस्तू निवडताना डब्यावरच्या चेहऱ्याला नव्हे, डब्याच्या तळाला विचारा, डॉक्टरांना विचारा आणि आपल्या शरीराचं ऐका. आणि जे हात असे चेहरे घडवतात, जाहिराती लिहितात, डबे विकतात, त्या हातांनी काम करण्याआधी एकदा तरी विचारावं, हे कशासाठी? वहिनींनी विचारलं ते उशिरा, पण विचारलं. एका घरातला श्वास वाचला, आणि एका कचेरीतल्या बायका आरशात पुन्हा मोकळेपणी हसू लागल्या!