चांदण्यांची चवड

सरळ कापायला नशीब लागत नाही, हात लागतो, असं तो सुतार नेहमी म्हणायचा, आणि त्याला म्हणायचा अधिकारही होता. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. या गड्याची करवत त्याच्या अर्ध्यानेही कधी रेघ सोडत नसे. म्हणून कारखान्यात त्याचं नावच पडलं होतं अर्धासूत. दारं, कपाटं, टेबलं बनवणारा तो कारखाना. तिथल्या गोल करवतीवर याचं बावीस वर्षं राज्य, आणि त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला, घासकाम-पॉलिशच्या खात्यात त्याची बायको. तिला सगळे पॉलिशवाली म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी त्या करवतीने त्याचा उजवा हात धरला. चूक कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाही. फळीत जुना खिळा दडलेला होता, फळी उसळली आणि हात पुढे गेला. तीन बोटं डॉक्टरांनी परत शिवली. शिवली खरी, पण परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी ती हातावर अवघडून बसली होती. एकदा चहाच्या गरम भांड्याला टेकली, टरटरून फोड आला, तरी याला पत्ता नाही. म्हातारी आई ओरडली तेव्हा कळलं. कारखान्याने निरोप दिला होता, हात बरा झाला की या, जागा तुमचीच आहे. बोलणं चांगलंच होतं. पण बरा झाला हे ठरवायचं कोणी? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत जाणीव आली तर आली. सहा गेले, आठ गेले.

आणि बावीस वर्षं भल्या सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस घरात बसला की काय होतं, हे ज्याच्या घरी बसलाय त्यालाच विचारा. झाडू कसा मारावा, पातेली कुठल्या क्रमाने लावावीत, सगळ्यात याची अक्कल. एक दिवस आईला सुरी कशी धरायची ते शिकवायला लागला.

"मेल्या, मी तुला चालायला शिकवलं," म्हातारी म्हणाली, "आणि तू मला भाजी चिरायला शिकवतोस? सूनबाई, याला काहीतरी काम दे गं, नाहीतर मी घर सोडते."

ही थट्टाच होती, पण काम देण्याची गोष्ट पॉलिशवालीच्या डोक्यात बसली. वर्षअखेरीची मोठी सुट्टी अडीच महिन्यांवर आली होती. त्या दिवसांत कारखाना आठवडाभर बंद असायचा, लांबची माणसं घरी यायची आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत काहीबाही टांगलेलं असायचं. कारखान्यातले टाकाऊ तुकडे कामगारांना न्यायला मुभा होती. बाकीचे जाळायला नेत. हिने पोतंभर निवडून आणले, पातळ, गाठ नसलेले, आणि त्याच्यापुढे ओतले.

"हे काय?"

"खिडकीसाठी चांदण्या करा. पक्षी करा, घरं करा. तुम्ही कापा, मी घासते नि रंगवते."

"पोरखेळ आहे नुसता," तो म्हणाला. पण तासाभराने बारीक पात्याची हातकरवत शोधत होता.

पहिल्या संध्याकाळी त्याने चार चांदण्या कापल्या. उजव्या हाताने करवत धरायची, तर मुठीचा जोर कधी जास्त, कधी गायब. चांदणीला पाच टोकं असावीत, ती होती, पण एक लांब, एक आखूड, एक तर मोडकीच. रेघ कुठे आणि करवत कुठे! चारही त्याने खोक्यात टाकल्या, दुखण्याची गोळी घेतली आणि आडवा झाला.

आता पॉलिशवालीचं काम काय असतं ते सांगायला हवं. दुसऱ्याच्या चुका पोटात घालायच्या, हेच तिचं काम. करवतीवाल्याने वाकडं कापलं, कानस मार. सांधा उघडा राहिला, भुसा आणि सरस कालवून भर. ओरखडा आला, पॉलिश पेपर फिरव. मालाला दोष दिसला नाही पाहिजे. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती आणि जित्याची खोड काही मेल्याशिवाय जात नाही. सकाळी चहाचं आधण ठेवून ती मागच्या पायरीवर बसली आणि पहिली चांदणी हातात घेतली. गोळीच्या गुंगीत नवरा ती कामाला निघायची वेळ होईपर्यंत झोपायचा. लांब टोक तिने पटाशीने उतरवलं, आखूड टोकाला भुशाची भर घातली. हात आपोआप चालत होते. मोडक्या चांदणीचं काही होण्यासारखं नव्हतं, तेव्हा ती तिने सरळ पोत्यातला दुसरा तुकडा घेऊन नव्याने कापली. यात काही लबाडी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

तो उठला. चार चांदण्या पांढऱ्या रंगात वाळल्या होत्या. त्याने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली. मग चारही एकावर एक रचल्या. कारखान्यात माल तपासायची हीच रीत होती. सारखे तुकडे चवड लावून रचायचे आणि कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठा कुठे अडला नाही तर कापणारा खरा. त्याने डावा अंगठा फिरवला, आणि तो कुठेच अडला नाही.

"अगं," तो हळूच म्हणाला, "काल मला वाटलं, मी सगळ्या बिघडवल्या."

त्याच्या आवाजात जे होतं, ते तिने आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. तोंडाशी आलेलं तिने गिळलं. "नुसती वरची कुसळं काढली मी," ती म्हणाली. झालं! एकदा असं बोललं की पुढचं सगळं त्यामागे ओढत येतं.

त्यानंतर तो रोज कापू लागला आणि ती रोज पहाटे दुरुस्त करू लागली. चांदण्या झाल्या, पक्षी झाले, उतरत्या छपराची घरं झाली. घर हसू लागलं. म्हातारीशी तो भांडेनासा झाला. रात्री गोळीशिवाय झोपू लागला, तशी ही आणखी लवकर उठू लागली. गल्लीतली माणसं खिडकीशी थांबून बघत, आणि म्हातारी आतून ओरडे, "बघताय काय, माझ्या लेकाचा हात आहे तो!"

एकदा त्याने बायकोला आपलं गणितही सांगितलं. "कापताना मला वाटतं, चुकतोय, रेघ सुटली. पण सकाळी बघावं तर बरोबर! म्हणजे बोटांना कळत नाही एवढंच. हात त्याचं काम बरोबर करतोय. बावीस वर्षांचा हात आहे, तो विसरेल होय?"

तिच्या ध्यानात आलं. म्हणजे याची बोटं खरं सांगत होती आणि ही रोज सकाळी त्यांना खोटं पाडत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सुट्टी तोंडावर आली होती, तो पोरासारखा खुलला होता, आणि ती स्वतःला म्हणाली, आता सुट्टी होऊन जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी तिने मूठ झाकली.

सुट्टीला आठ दिवस उरले असताना, शनिवारी दुपारी, मुकादम पॉलिशच्या खात्यात आला. चेहरा हा एवढा फुललेला.

"वहिनी, तोंड गोड करा आधी! अर्धासूत परत येतोय."

तिच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. "कुठे येताहेत?"

"कुठे म्हणजे? करवतीवर. सकाळी आला होता ना ऑफिसात, पिशवीत बारा चांदण्या घेऊन. मी माझ्या हाताने चवड लावली वहिनी, अंगठा फिरवला. लोणी हो नुसतं! मालकांनाही दाखवली. सुट्टीआधी एवढा माल काढायचाय, नवा पोरगा रोज दोन फळ्या वाया घालवतोय. सोमवारपासून ये म्हटलं."

"मुकादम, अहो, डॉक्टरांना तरी..."

"डॉक्टरांना लाकडातलं काय कळतंय? चवड खोटं बोलत नाही."

आजूबाजूच्या बाया हसल्या, एकीने तिच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या सगळ्यांसमोर काय सांगणार? संध्याकाळी घरी सांगू, असं तिने ठरवलं.

घरी गेली तर तो दाढी करून बसला होता. म्हातारीने त्याचा कामाचा सदरा धुऊन वाळत घातला होता आणि ती डोळे पुसत होती. हिने रविवारी दुपारी, दोघंच असताना, विषय काढला. "अजून महिनाभर थांबलात तर? सुट्टी झाल्यावर जा."

"का?"

"त्या करवतीचं मला भय वाटतं."

"मला नाही वाटत होय?" तो म्हणाला. "रोज स्वप्नात येते ती. पण त्या चांदण्या नसत्या ना, तर मी कधी गेलो नसतो बघ. त्यांच्याकडे बघून धीर आला."

यानंतर कोणाची जीभ उचलेल? रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिला वाटलं, कदाचित मुकादमच आधी एखादी फळी कापून बघायला लावेल, लाकूड वाया गेलं की आपोआप कळेल. पण गोल करवतीवर आधी लाकूड वाया जातं की बोटं, हे कोणी सांगावं! उजव्या हाताने फळी रेटायची असते, आणि पातं किती लांब आहे हे भुशाच्या धुरळ्यात डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळावं लागतं.

सोमवारी दोघं बरोबर गेली. फाटकापासून करवतीपर्यंत जो तो त्याला मिठी मारत होता. ती आपल्या खात्यात गेली, एका दरवाजापुढे पेपर हातात धरून नुसती उभी राहिली. तिचे कान तिकडे. मुकादमाचा आवाज, हशा, मग मोटरची घरघर. ती घरघर तिने एकोणीस वर्षं ऐकली होती. आज ती ऐकवेना.

ती पळाली. कपाटांच्या रांगेतून, रंगाचे डबे लाथाडत पळाली आणि भिंतीवरचा विजेचा मोठा खटका तिने खाली ओढला. करवत सूं करत मंदावली. फळी टेबलावर होती. त्याची उजवी बोटं फळीच्या कडेबाहेर, पात्याच्या दिशेने दोन इंच पुढे आलेली होती, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

"काय झालं? आग लागली का?" मुकादम ओरडला.

"त्या चांदण्या माझ्या आहेत," ती म्हणाली. आवाज चढला होता, सगळ्या शेडभर गेला. "यांनी कापल्या त्या वाकड्या होत्या. सगळ्या. मी घासल्या, मी भरल्या, ज्या घासून जमल्या नाहीत त्या मी नव्या कापल्या. यांच्या हाताला काही कळत नाही मुकादम. यांना करवतीवर ठेवू नका."

नव्या पोराने मान खाली घातली. अर्धासूत बायकोकडे बघत राहिला. मग त्याने फळीवरचा हात बघितला, डाव्या हाताने उजवी बोटं उचलून मागे घेतली, आणि कोणाशीही न बोलता बाहेर चालू लागला.

तिने त्याला फाटकाशी गाठलं. "अहो, थांबा. ऐका तरी!"

तो थांबला. रडत नव्हता, ओरडतही नव्हता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"करवतीनं बोटं नेली तेव्हा मला तिथल्या तिथे कळलं होतं," तो म्हणाला. "तू दोन महिने रोज तीच बोटं नेत होतीस, मला कळू दिलं नाहीस."

"चुकले मी."

"सगळ्यांसमोर सांगितलंस. घरात तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं," ती म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "तुमचं हसणं बघून माझं धाडसच होत नव्हतं. रागवा. जन्मभर रागवा, बोलू नका माझ्याशी. पण दोन्ही हात घेऊन रागवा."

आतून मुकादमाने खटका पुन्हा वर केला असावा, कारण करवत सुरू झाली आणि दोघंही दचकली. तो वळला आणि घराच्या रस्त्याला लागला. त्याने एकदाही मागे बघितलं नाही. ती फाटकाला धरून उभी राहिली आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचे दोन्ही हात बघत राहिली.