चार बोटांचं अंतर

रज्जाक अत्तारची लाथ समोरच्याच्या नाकापासून चार बोटांवर थांबते, हे पुण्यात एके काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुधवार पेठेत कराटेचा क्लास चालवणाऱ्या या माणसाला सिनेमावाल्यांनी उचललं ते त्या लाथेसाठीच. सात सिनेमे झाले. प्रत्येकात ती लाथ एकदा यायचीच, मध्ये कट नाही, आणि थेटरात शिट्ट्यांचा नुसता धुमाकूळ. मग घरोघरी केबल आलं, थेटरं ओस पडली आणि घरचा फोन चार वर्षं असा गप्प बसला की त्याच्या बायकोला, परवीनला, वाटायचं, लाइनच कापली असेल.

आता तो वाजला होता. कोथरूडचा आनंद, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामावर गबर होऊन परतलेला, लहानपणापासून रज्जाकच्या सिनेमांचा वेडा. ‘‘सर, हीरो तुम्हीच. मुहूर्ताचा शॉट तुमच्या लाथेचा. नो डुप्लिकेट, नो कट.’’

आणि रज्जाक हो म्हणून बसला. हो म्हणायला काय जातंय! डाव्या डोळ्याचा पडदा सुटून दीड वर्ष झालं होतं, ऑपरेशन करूनही तिकडे काळोखच. एका डोळ्याने माणूस दिसतो, पण किती लांब आहे याचा भरवसा राहत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टर सोडले तर हे फक्त नवराबायकोला माहीत होतं.

‘‘अहो, निदान सीतारामभाऊंना तरी सांगा,’’ परवीन आठवडाभर मागे लागली होती. ‘‘तोंड त्यांचं आहे.’’

सीताराम हा क्लासचा पहिला विद्यार्थी. सातही सिनेमांत लाथेसमोर तोच उभा राहिला होता, पापणीही न लववता.

‘‘सांगितलं तर तो बिचकेल,’’ रज्जाक म्हणाला. ‘‘मी हल्ली मोजूनच मारतो. खडूच्या दोन रेघा, मधलं अंतर पावलांनी मोजलेलं. ठार आंधळा असतो तरी चुकलो नसतो.’’

आंधळा असतो तरी, म्हणे! परवीनला संताप आला. त्या संतापाखाली भीती होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुहूर्त कोथरूडमधल्याच एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. नारळ फुटला, पेढे फिरले, दोघे पत्रकार खुर्च्या अडवून बसले. परवीन कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहिली. पेढा तिने तसाच हातात धरून ठेवला.

रज्जाकने रेघा ओढल्या. रिहर्सलची लाथ गेली आणि थांबली. परवीनने श्वास सोडला.

आनंदचं तोंड मात्र पडलं. ‘‘सर, गॅप जरा जास्त वाटतोय. वीतभर असेल.’’

‘‘वयोमानाने लाथही सावध होत असावी,’’ एक पत्रकार पेढा चघळत म्हणाला. पुण्यातलाच होता तो, वेगळं सांगायला नको.

रज्जाक हसला, पण त्याचा कान लाल झालेला परवीनने पाहिला. वीतभर अंतर त्याने मुद्दामच ठेवलं होतं. आता खाली बसून त्याने आपली रेघ पुसली आणि बोटांनी मापून पुढे ओढली. सीताराम तेव्हा पाठमोरा होता, मेकअपवाला त्याचा घाम टिपत होता.

रज्जाक आणि सीताराम जागेवर आले. क्लॅप वाजला. तेवढ्यात सीतारामने नजर सरांवर ठेवूनच आपला पाय हळूच सरकवला. बूट रेघेच्या चांगली अर्धी वीत पुढे आला.

परवीनच्या लक्षात आलं. सरांची लाथ कमी पडते, चारचौघांत त्यांची शोभा नको, म्हणून हा भला माणूस आपलं तोंड पुढे करत होता. रज्जाक रेघेच्या भरवशावर, सीताराम रज्जाकच्या.

‘‘सीतारामभाऊ, मागे व्हा!’’

सीताराम हलला नाही. लाथेसमोर उभं राहिलं की सरांशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, ही क्लासची शिस्त.

‘‘अहो, थांबा! ते रेघेच्या पुढे आलेत.’’

रज्जाकचा उचललेला पाय खाली आला. आनंद गोंधळून म्हणाला, ‘‘रेघेचं एवढं काय, भाभी? सरांना समोर दिसतंय ना सगळं?’’

परवीनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. एका वाक्यात तिने नवऱ्याची भाकरी काढून घेतली होती.

रज्जाकने आपल्या रेघेवरूनच पाय पुन्हा उचलला, अगदी सावकाश, आणि पूर्ण लांब केला. तळवा सीतारामच्या नाकाला टेकला, तरी पुढेच जात राहिला. सीतारामची मान मागे झुकली. तोच पाय लाथेच्या वेगाने आला असता तर काय झालं असतं, हे बघणाऱ्याला कळलं.

‘‘डावा डोळा गेलाय माझा,’’ रज्जाक पाय खाली घेत म्हणाला. ‘‘दीड वर्ष झालं. माफ कर, आनंद.’’

आनंदने कॅमेरामनला हातानेच खूण केली. कॅमेरा बंद झाला.

सीतारामने नाक चोळलं आणि तो मुकाट्याने मागे होऊन बरोबर रेघेवर उभा राहिला. ‘‘सर, परत घेऊ या. आता नाही हलणार मी.’’

‘‘तू उभा राहशील, माहीत आहे मला,’’ रज्जाक म्हणाला. ‘‘म्हणून तर नाही मारायची.’’

तो वळला. जिन्याला अजून कठडा बसवलेला नव्हता. पत्रकारांच्या देखत त्याने परवीनपुढे हात केला आणि पहिली पायरी कुठे आहे, ते विचारलं.